अनंताला हलवायचं नाही

सकाळी सहा, मग आठ, मग दहा. बारा, दोन, चार, आणि दिवेलागणीच्या आधी शेवटची फेरी. या काही बस सुटायच्या वेळा नाहीत, सिस्टरांच्या गच्चीवर जायच्या वेळा आहेत. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घरापासून गच्चीपर्यंत बावन्न पायऱ्या, आणि वर एकोणचाळीस कुंड्या. इमारतीतल्या लोकांना आता घड्याळ पाहावंच लागत नाही. चपला फटक फटक वर गेल्या की दूध तापवायचं, खाली आल्या की मुलांना उठवायचं.

सिस्टर चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी नाव काही सुटलं नाही. दूधवाल्यापासून वीजबिलवाल्यापर्यंत सगळे सिस्टरच म्हणतात, आणि चारचौघांत त्यांचे यजमानसुद्धा "आमच्या सिस्टर वर गेल्यात" असंच सांगतात. यजमान घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एकाच खुर्चीत बसणारे. दवाखान्याने निरोपाच्या वेळी सिस्टरांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेव्हा घरात आधीच एकोणीस घड्याळं टिकटिकत होती. "विसावं," एवढंच म्हणून घड्याळजींनी ते जागेवर लावलं होतं.

सिस्टरांच्या वॉर्डात चौतीस वर्षांत एकाही अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला जखम झाली नाही, हा त्यांचा अभिमान. दर दोन तासांनी कूस बदलायची. पेशंट झोपलेली असो, चिडलेली असो, शिव्या देत असो, कूस बदलायची म्हणजे बदलायची. दवाखाना सुटला, पण हाताची ती सवय सुटेना. पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या उशा, खुर्च्या आणि घड्याळजी यांना हलवून पाहिलं. मग गच्चीवर कुंड्या आल्या आणि घड्याळजी सुटले.

आमच्या या गावाची हवा म्हणजे कुणाच्या बागेचं बरं व्हावं असं न वाटणारी हवा. थंडीत पहाटे इतकं गारठतं की जास्वंदीची पानं कडेने काळी पडतात. पाऊस येतो तो दहा दिवस नुसता ओततो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. या दोन्हींतून जे तगतं त्याच्यासाठी उन्हाळा टपलेलाच असतो. एप्रिलपासून पश्चिमेकडून असा काही कोरडा वारा सुटतो की वाळत घातलेली चादर दोरीवर पसरेपर्यंत वाळते. त्यात पाणी जमिनीतलं, जड. केटलीत पांढरा थर, नळावर पांढरा थर, कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर.

अशा हवेत सिस्टरांनी बाग वॉर्डासारखी चालवली. प्रत्येक कुंडीला दोरीने बांधलेला तक्ता. किती पाणी प्यायलं, ताटलीत किती निथळलं, पानांचा रंग, कुठून कुठे हलवलं. झेंडू आणि सदाफुली म्हणजे नुसत्या तपासून सोडायच्या बाया. गुलाब म्हणजे सारख्या तक्रारी करणारे पेशंट. मोगरा जरा नीट वागवला की बरा होणारा. आणि वॉर्डात दरवाजाजवळचा पहिला पलंग जसा सगळ्यात गंभीर पेशंटसाठी राखलेला असतो, तशी जिन्याच्या तोंडाशी पहिली जागा अनंताची.

तो अनंत ताईचा.

ताई सिस्टरांहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा सिस्टर सात वर्षांच्या होत्या. त्यानंतर वेणी घालायची ती ताईने, पाढे घ्यायचे ते ताईने, नर्सिंगला पाठवायला बापाशी भांडायचं तेही ताईनेच. ताईच्या बैठ्या घराच्या दारात अनंताचं झाड होतं, छपराला टेकलेलं. उन्हाळ्याच्या शेवटी ते इतकं फुलायचं की पत्ता विचारणाऱ्याला लोक "वास येईल तिकडे वळा" म्हणून सांगायचे. मग रस्ता रुंद झाला आणि घर गेलं, झाडही गेलं. ताईला तिच्या मुलाने आपल्या शहरात नेलं, अकराव्या मजल्यावर. जायच्या आदल्या दिवशी ताई तेलाच्या डब्यात लावलेली, वीतभर वाढलेली फांदी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"आत ये ना गं," सिस्टर म्हणाल्या.

"नको. बसले तर उठणार नाही." ताईने डबा त्यांच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे. अकराव्या मजल्यावर वाऱ्याने उडून जाईल. आणि हे बघ धाकटे, याला फूल आलं की मला बोलव. त्याच्या आधी मी काही या गावात पाऊल टाकायची नाही. तो नवा रस्ता मला बघायचा नाही उगीच."

"म्हणजे फुलापुरतीच बहीण का मी?"

"तुझ्या हाताला थारा नाही, ते मला ठाऊक आहे. तेव्हा लवकर काही मी येत नाही," ताई म्हणाली आणि हसत जिना उतरली. हसत होती, पण वळून पाहिलं नाही.

या गोष्टीला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात सात कळ्या आल्या. हिरव्या, लांबट, मिटलेल्या छत्रीसारखा पीळ दिलेल्या. सिस्टरांनी त्याच दिवशी फोन केला, आणि भाच्याने सांगितलं की आईने अर्ध्या तासात बॅग भरली. चौथ्या दिवशी सातही कळ्या देठापासून गळून ताटलीत पडल्या होत्या, जशाच्या तशा, हिरव्या. सिस्टरांनी पुन्हा फोन केला. ताई म्हणाली, "असू दे." दुसऱ्या वर्षी नऊ आल्या. सिस्टरांनी त्यांना वाऱ्यापासून वाचवायला टाकीमागे ठेवलं, टाकीमागे ऊन कमी म्हणून जिन्यात आणलं, जिन्यात कोंदट म्हणून पुन्हा बाहेर काढलं. नऊही गेल्या. या वेळी ताई काहीच म्हणाली नाही, नुसती फोनवर श्वास घेत राहिली.

आणि सिस्टरांना चैन पडेना ते त्या श्वासानेच. चौतीस वर्षं ज्या कानांनी छातीतले आवाज ऐकले त्यांना फोन पुरतो. ताई आता एक वाक्य पुरं होईतो दोनदा थांबत होती. "पायांवर सूज येते का गं?" विचारलं की "तुझ्या वॉर्डातली पेशंट नव्हे मी," असं उत्तर. डॉक्टरकडे जा म्हटलं की "इकडचे डॉक्टर माणसाकडे बघतच नाहीत, टेबलावरच्या पडद्याकडे बघतात." सिस्टर स्वतः दोनदा जाऊन आल्या. पण दोन्ही वेळा त्यांनी ताईचा पलंग खिडकीपाशी, कपाट दरवाजामागे आणि भाचेसुनेचा सोफा भलत्याच भिंतीला नेऊन ठेवला. तिसऱ्या वेळी भाचेसून फोनवर गोड आवाजात म्हणाली, "मावशी, सध्या नका येऊ, घराला रंग काढलाय."

थंडी सरता सरता एकदा भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई हल्ली खोलीबाहेर येत नाही. जेवण आत नेऊन द्यावं लागतं. तपासायला चल म्हटलं की तोंड फिरवते."

"मी येते उद्या."

"तू येऊन काय होणार? तुझंही ऐकत नाही. पण एक सांगू? तिची ती बॅग अजून पलंगाखालीच आहे. भरलेली. झाडताना मी हलवायला गेलो तर ओरडली माझ्यावर."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, तिथून खिडकीशी, खिडकीपासून पुन्हा फोनपाशी.

"बस जरा," घड्याळजी भिंगातूनच म्हणाले.

"बसून काय होतंय?"

"बसून बसणं होतं."

सिस्टरांनी चप्पल अडकवली, गच्चीवर जाऊन अनंताचा तक्ता सोडून घेतला आणि तडक गावाबाहेरच्या रोपवाल्याकडे गेल्या. हा रोपवाला म्हणजे तुसडा माणूस. गुलाब विकताना सांगायचा, "तुमच्याकडे मरेल, पण न्या." सिस्टर त्याच्याकडे सहसा जात नसत, कारण दोघांनाही दुसऱ्याचा सल्ला खपत नसे. पण आता मोठ्या डॉक्टरला बोलावायची वेळ आली होती.

"अनंताच्या कळ्या गळतात," सिस्टर म्हणाल्या.

"कोणतं पाणी?"

"पावसाचं. दोन पिंपं भरून ठेवते. फक्त त्याच्यासाठी. पिंपं संपली तर साध्या पाण्यात लिंबू पिळून."

रोपवाल्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "माती?"

"पानांचं खत, चहाचा चोथा धुऊन. पानं हिरवीगार आहेत. हे बघा." त्यांनी तक्ता पुढे केला. फूटभर लांब, दोन्ही बाजूंनी भरलेला.

"मला चष्मा नाही. वाचा."

सिस्टर वाचू लागल्या. वॉर्डात डॉक्टरांना वाचून दाखवायच्या त्याच खणखणीत आवाजात. "तीन मार्च, कळ्या नऊ. सकाळी आठ, पूर्वेला तोंड. दहा, उत्तरेला. बारा, टाकीच्या सावलीत. दोन, पुन्हा फिरवलं. चार, कठड्यापाशी. चार मार्च, सकाळी आठ, पूर्वेला. दहा..." आवाज जरासा उतरला. "पाच मार्च, जिन्यात. दुपारी बाहेर. सहा मार्च, कळ्या सहा. पुन्हा जिन्यात. सात मार्च..."

"बाई," रोपवाला म्हणाला, "हे झाड आहे की टपालाचं पाकीट?"

सिस्टरांनी तक्त्यावरून बोट काढलं.

"अनंताला कळी धरली की त्याचं सगळं जिथल्या तिथे लागतं. उन्हाची बाजू बदलली, कळी टाकली. वारा बदलला, टाकली. तुम्ही त्याला दिवसातून सात वेळा गाव बदलायला लावता. कुठलं फूल येणार?"

"पण एकाच बाजूला ऊन लागून..."

"लागू दे."

"दुपारची झळ..."

"सावली करा. कुंडीला हात लावायचा नाही. जूनपर्यंत."

"जूनपर्यंत!" सिस्टर अशा ओरडल्या की रोपवाल्याचं कुत्रं उठून बसलं.

घरी येताना त्यांना वाटेत कसलाच राग आला नाही, ना रोपवाल्याचा ना उन्हाचा. त्या नुसत्या आपल्या हातांकडे बघत चालल्या. ज्या हातांनी चौतीस वर्षं बायकांच्या पाठी राखल्या त्याच हातांनी ताईला दोन वर्षं तिकडे बसवून ठेवलं होतं. आणि वर रोज तक्त्यात स्वच्छ अक्षरात लिहूनही ठेवलं होतं.

त्यांनी अनंताला शेवटचं उचललं. टाकीच्या पूर्वेला, जिथे दहापर्यंत ऊन येतं, तिथे ठेवला. खाली येऊन घड्याळजींना म्हणाल्या, "अहो, तुमचा तो पांढरा रंग द्या, आकडे रंगवायचा." मग कुंडीभोवती फरशीवर एक गोल रेघ मारली. आता हलवला तर स्वतःलाच कळेल.

फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या दिसायला लागल्या. मोजल्या तर तेरा. या वेळी सिस्टरांनी ताईला काही कळवलं नाही. रविवारच्या फोनवर ताईने आपणहून विचारलंही नाही. हवापाण्याचं बोलून झालं, भाजीचं बोलून झालं, मधल्या शांततेत सिस्टर भिंतीवरच्या विसाव्या घड्याळाकडे बघत ताईचे श्वास मोजत राहिल्या. मिनिटाला सव्वीस.

आणि हातांना तर काय झालं म्हणून सांगू. आठ वाजले की हात शिवशिवायला लागायचे. त्या वर जायच्या, बाकीच्या अडतीस कुंड्या फिरवायच्या, अनंतासमोर हात मागे बांधून उभ्या राहायच्या, आणि खाली येऊन घर हलवायच्या. एका आठवड्यात जेवणाचं टेबल तीन भिंतींना लागून आलं. चौथ्या दिवशी घड्याळजी भिंग लावून बसायला गेले तर खुर्ची होती, पण समोर टेबल नव्हतं.

"अगं, माझं टेबल?"

"तिकडे उजेड चांगला येतो."

"त्या टेबलावर मोहरीएवढे अठरा स्क्रू होते."

"बशीत ठेवलेत सगळे."

घड्याळजींनी बशी पाहिली. सतरा होते. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "कळ्या तुझ्या झाडाला धरल्यात. मला नाही."

सिस्टरांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्या अठरावा स्क्रू शोधायला पलंगाखाली वाकल्या.

एप्रिल लागला. पश्चिमेचा वारा सुटला. पहिल्याच दिवशी दोन कळ्या गळल्या, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. उन्हाची तिरीप अकरा वाजता टाकीला वळसा घालून अनंतावर यायची ती तीनपर्यंत हलायची नाही. सिस्टरांनी जुनी छत्री बांधली, ती वाऱ्याने उलटली. चादर बांधली, तिने फांदीलाच फटके मारून आणखी दोन पाडल्या. कळ्या राहिल्या सात. सिस्टर दुपारच्या उन्हात फरशीवर उभ्या. चपलेतून पाय भाजत होते. जिन्यातली सावली पाच पावलांवर. उचललं आणि ठेवलं, इतकंच तर काम.

त्या वाकल्या. दोन्ही हात कुंडीच्या कडेखाली गेले. कड तापलेली होती. आणि पायाशी ती पांढरी रेघ.

तेवढ्यात त्यांना बारा नंबरची म्हातारी आठवली. मांडीचं हाड मोडलेली, पायाला वजनं लटकवलेली. वॉर्डातली एकच पेशंट, जिची कूस बदलता यायची नाही. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तिच्या तोंडावर ऊन यायचं आणि ती डोळे मिटून रडायची. पलंग हलवायचा नाही असा डॉक्टरांचा हुकूम. तेव्हा सिस्टर दर अर्ध्या तासाने चाकांचा पडदा घेऊन यायच्या आणि ऊन सरकेल तसा पडदा सरकवायच्या. सहा आठवडे.

त्या ताडकन उठल्या आणि खाली धावल्या. "अहो, तो पडदा कुठेय? भंगारात निघाला होता तो, मी मागून आणलेला?"

"माळ्यावर," घड्याळजी म्हणाले. "दोनदा टाकून देऊ म्हणालो, तर ऐकलं नाहीस ते बरं झालं म्हणायचं का?"

तीन पाखांचा, लोखंडी चौकटीचा, विटक्या हिरव्या कापडाचा पडदा. चाकं गंजून बसलेली. घड्याळजींनी घड्याळांच्या तेलाची चिमुकली बाटली काढली, जिच्यातला थेंब ते सुईच्या टोकाने मोजत, आणि ती अख्खी चाकांवर रिकामी केली. शेजारच्या दोघा पोरांकडून पडदा वर नेला. आणि त्या दिवसापासून सिस्टरांच्या वेळा बदलल्या. दर दोन तासांऐवजी दर अर्ध्या तासाला. ऊन सरकलं की पडदा सरकवायचा. वारा फिरला की पाख फिरवायचं. पेशंट जिथल्या तिथे. तक्त्यात आता नवीनच मजकूर यायला लागला: "बारा, पडदा दक्षिणेला. साडेबारा, पडदा नैर्ऋत्येला." तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा जिन्यात हटकलं, "सिस्टर, वर कुणी आजारी आहे का हो?" तर सिस्टर म्हणाल्या, "दिवस भरत आलेत. गडबड करू नका."

मे महिना अर्धा सरला. सातच्या पाच झाल्या, पाचाच्या चार. चारही कळ्या बोटाएवढ्या वाढल्या, आणि हिरव्यातून टोकाशी पांढरं डोकावायला लागलं. सिस्टरांचा जेवणात जीव नव्हता. अन्न तोंडात आणि कान गच्चीवर.

आणि एका दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेचं आकाश विटेच्या रंगाचं झालं. सिस्टर वरच होत्या. आधी वारा पूर्ण पडला. मग लांबवर कुठेतरी पत्रे वाजले, आणि धुळीची भिंतच्या भिंत घरांवरून चालत आली. झेंडूच्या कुंड्या आडव्या झाल्या. मोगऱ्याचा तक्ता तुटून उडाला. पडदा चाकांवर सुसाट मागे सरकला, तो सिस्टरांनी धावत जाऊन धरला आणि ओढत आणून अनंतापुढे आडवा घातला. एका हाताने चौकट धरली तर दुसरं पाख फडफडून सुटे. डोळ्यांत माती, तोंडात माती. एक कळी त्यांच्या डोळ्यांदेखत तुटली आणि कुठे गेली तेही कळलं नाही.

जिना पाच पावलांवर होता. सिस्टरांनी पडदा सोडला आणि दोन्ही हातांनी कुंडी धरली. रेघेवरून बोटभर उचललीही.

"ठेव ती," जिन्याच्या तोंडातून आवाज आला.

घड्याळजी. दोन वर्षं गुडघ्यांमुळे ज्यांनी गच्ची पाहिली नव्हती ते कठड्याला धरून उभे होते. धाप लागलेली, खांद्यावर कपडे वाळत घालायची दोरी.

"सगळ्या जातील हो!"

"जाऊ देत. ठेव. पडदा धर."

सिस्टरांनी कुंडी ठेवली. दोघांनी मिळून पडद्याचं एक टोक टाकीच्या नळाला बांधलं, दुसरं कठड्याच्या सळीला. मधलं पाख तरीही उचललं जाईच. तेव्हा घड्याळजी गेले आणि पडद्याच्या पायावर सरळ मांडी घालून बसले, वाऱ्याकडे पाठ करून.

"अहो, तुम्ही खाली जा, मी बसते!"

"तुला नाही जमायचं," ते ओरडून म्हणाले. "बसायचं काम मला जमतं."

सिस्टर त्यांच्या शेजारी चौकट धरून उकिडव्या बसल्या. वीस मिनिटं असेल, पंचवीस असेल. हे घरातल्या वीसही घड्याळांना माहीत, त्या दोघांना नाही. वारा ओसरला तेव्हा घड्याळजींच्या भुवयासुद्धा मातीच्या झाल्या होत्या. सिस्टरांनी पाखाआड डोकावून पाहिलं. पानांवर धूळ, दोन फांद्या वाकलेल्या. आणखी एक गेलेली, कळ्या दोन. कुंडी रेघेच्या आत.

पाचव्या दिवशी सकाळी सहाच्या फेरीला सिस्टर तिसऱ्या मजल्यावरच थबकल्या. वास आला होता.

त्यांनी वर जाऊन फूल पाहिलं आणि मग तिथूनच, पदराने हात पुसत, ताईला फोन लावला. "ताई. एक उमललंय. दुसरी कळी अजून मिटलेली आहे."

बराच वेळ नुसता श्वास. मग ताई म्हणाली, "गळायचं नाही ना?"

"गळायचं नाही. पण अनंताचं फूल तुला ठाऊक आहे, तीन दिवस. उद्यापासून पिवळं पडेल."

"मग बोलत काय बसलीस? ठेव फोन. मुलाला उठवू दे."

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, भाच्याच्या गाडीतून. पहिल्या मजल्यावर येईतोच ती इतकी दमली की खुर्चीत टेकून तिने हातानेच "थांब" अशी खूण केली. सिस्टरांनी काही न विचारता मनगट धरलं, मग घोटा दाबून पाहिला. बोट रुतलं तिथे खळगा तसाच राहिला. ओठांचा रंग त्यांनी पाहिला आणि तोंड फिरवून भाच्याला हळूच म्हणाल्या, "उद्याच दाखवायचं. माझ्या ओळखीचे आहेत, माणसाकडे बघणारे."

मग त्या दाराकडे निघाल्या.

"कुठे चाललीस?" ताई.

"कुंडी खाली आणते. बावन्न पायऱ्या आहेत, तुला नाही झेपणार."

"दुसरी कळी आहे म्हणालीस ना?"

"आहे. गळेल. गळू दे. तू एक बघ म्हणजे झालं."

ताईने खुर्चीच्या हातावर हात आपटला. "धाकटे, दोन वर्षं त्याला नाचवलंस ते पुरे झालं. तो जागचा हलायचा नाही. मी येते."

"ताई, वेडेपणा करू नकोस. मी नर्स म्हणून सांगते..."

"आणि मी तुझी वेणी घातलीय. खुर्च्या किती आहेत घरात?"

खुर्च्या चार होत्या. भाच्याने आणि सिस्टरांनी त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर नेऊन ठेवल्या. ताई तेरा पायऱ्या चढे आणि बसे. सिस्टर नाडी मोजत, ती खाली आल्याशिवाय उठू देत नसत. दुसऱ्या खुर्चीवर ताईने विचारलं, "अजून किती?" तिसरीवर काही विचारलं नाही, डोळे मिटून नुसती हुंगत राहिली. तळमजल्यावरच्या वहिनी जिना चढून येऊन पाहून गेल्या. पाऊण तास लागला.

फूल पिवळं पडायला लागलं होतं, लोण्याच्या रंगाचं. ताई पडद्याच्या सावलीत चौथ्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. रडली वगैरे नाही. मग म्हणाली, "पिवळं झालं की वास जास्त येतो. आपल्या दारातलंही असंच होतं." पुढे वाकून तिने दुसरी कळी शोधली. ती पलीकडच्या बाजूला होती, पानाआड. ताईने कुंडीच्या कडेला हात घातला आणि जरा स्वतःकडे वळवायला गेली.

"हात लावू नकोस!"

सिस्टरांचा वॉर्डातला आवाज. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ताईचा हात तसाच राहिला. पंचावन्न वर्षांत धाकटी तिच्यावर ओरडली नव्हती. सिस्टर स्वतःच दचकून उभ्या.

ताई आधी बारीक हसली, मग इतकी हसली की खोकला आला आणि सिस्टरांना तिची पाठ चोळावी लागली. "शिकलीस गं बाई," ती दम खात म्हणाली. "शिकलीस. बरं, ही दुसरी कधी उमलेल?"

"आठ दिवस. दहाही लागतील."

"तोवर राहते मग. तुझ्या त्या डॉक्टरलाही दाखवू. पण एक सांगून ठेवते. माझा पलंग कुठे ठेवायचा तो ठेव, अगदी मोरीत ठेव. पण एकदाच ठेव."

"दोन तासांनी फक्त जरा..."

"एकदाच."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. आणि ऊन ताईच्या पायांवर येऊ लागलेलं दिसताच त्यांनी पडद्याला हात घातला. तेल प्यायलेली चाकं आवाज न करता फिरली, आणि सावली अर्धी अनंतावर, अर्धी ताईच्या सुजलेल्या पायांवर येऊन पडली. त्यांनी तक्ता ओढला, कमरेला खोचलेलं पेन काढलं आणि वेळ लिहायला घड्याळ पाहिलं.